२९ लाख शंख आणि एक सुभेदार

दोह्याच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर, अल खोरच्या खाडीत जझीरत बिन घन्नम नावाचे चिमुकले बेट आहे. खारफुटीने वेढलेले हे बेट सुटीच्या दिवशी सहलीला जाणाऱ्या कतारमधल्या मराठी कुटुंबांना ‘पर्पल आयलंड’ म्हणून ठाऊक असते. हे नाव पडले ते तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इथे चालणाऱ्या रंगाच्या उद्योगावरून. त्या उद्योगाचा माग काढू लागले, की आपण एका सत्ताधीशापाशी येऊन पोहोचतो. त्याचे ना चित्र उरले आहे, ना थडगे.

१९७०च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी कतारमध्ये उत्खनने सुरू केली. या बेटावर त्यांना ठेचलेल्या शंखांचा मोठा थर मिळाला. क्रिस्टोफर एडन्स यांनी १९९९ साली त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. थाइस सॅव्हिग्नी या समुद्री गोगलगायीचे सुमारे २९ लाख शंख तिथे फोडले गेले, असा अंदाज त्यात आहे. सोबत जाड्याभरड्या मोठ्या रांजणांची खापरे होती आणि त्यांची घडण होती बाबिलोनवर कसाइट राजघराणे असतानाच्या तिथल्या भांड्यांसारखी.

या गोगलगायीच्या शरीरातील एका ग्रंथीत फिकट रंगाचा द्रव असतो. हवा आणि ऊन लागताच तो पिवळा, हिरवा होत अखेरीस जांभळा होतो. त्यातला मुख्य रंगरेणू म्हणजे आपली ओळखीची नीळ, फक्त तिला ब्रोमिनचे दोन अणू जोडलेले. १९०९ मध्ये पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रातील १२,००० गोगलगायींपासून अवघा १.४ ग्रॅम शुद्ध रंग मिळवला होता. अल खोरची जात वेगळी आहे, पण नुसता अंदाज यावा म्हणून तेच प्रमाण धरले, तर २९ लाख शंखांतून निघतो जेमतेम ३४० ग्रॅम रंग. इतक्या खटाटोपाने मिळणारा रंग सामान्यांच्या कपड्यांसाठी नव्हता. त्याला दूरचे, धनाढ्य गिऱ्हाईक हवे.

असे गिऱ्हाईक त्या काळी बाबिलोनमध्ये होते. इ.स.पू. सोळाव्या ते बाराव्या शतकापर्यंत तिथे कसाइट राजे होते आणि आखातातील दिल्मून, म्हणजे प्रामुख्याने आजचे बहरीन, त्यांच्या अमलाखाली आले होते. तिथे त्यांचा सुभेदार असे. अशा एका सुभेदाराचे नाव उसिअनानुरी. ते आपल्याला कळते एका वंशजामुळे. कुरिगाल्झू राजाच्या पदरी असलेल्या उबल्लिस्सू-मार्दुक या अधिकाऱ्याने आपल्या मुद्रेवर वंशावळ कोरली आणि त्यात या पूर्वजाला ‘दिल्मूनचा सुभेदार’ म्हटले. पूर्वजांची बढाई कोण मारत नाही? मग ही एक ओळ इतिहास म्हणून कशी स्वीकारायची?

हाच पेच प्राचीन इजिप्तच्या इरी-होर या संभाव्य राजाबाबत होता. अबायडोसला मिळालेल्या मडक्यांवर बहिरी ससाणा आणि तोंड अशी दोन चिन्हे होती. ते राजाचे नाव की आणखी काही, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद होते. २०१२ मध्ये सिनाईतील एका खडकावर त्याचे नाव आढळले आणि राजा म्हणून त्याची बाजू बळकट झाली. एका साक्षीला दुसरी स्वतंत्र साक्ष भेटली.

उसिअनानुरीचे नाव दुसरीकडून आले नाही, पण त्याच्या पदाला मात्र साक्षीदार मिळाले. इराकमधील निप्पूर येथे दिल्मूनहून आलेली दोन पत्रे सापडली. १९५२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. इ.स.पू. चौदाव्या शतकात इली-इप्पश्रा या अधिकाऱ्याने ती निप्पूरच्या सुभेदाराला लिहिली होती. अहलामू टोळ्यांनी खजूर पळवल्याची तक्रार त्यांत आहे आणि इन्झाक व मेस्किलाक या दिल्मूनच्या देवतांचा उल्लेखही. खुद्द बहरीनच्या किल्ल्याखालच्या उत्खननात कसाइट काळातील कारभाराच्या मातीच्या पाट्या निघाल्या. एवढे पाहिल्यावर मुद्रेवरची ती ओळ पोकळ बढाई वाटत नाही. मात्र अल खोरचे शंख उसिअनानुरीच्याच हुकमाने फुटले, असे म्हणायला आधार नाही. त्या थरात बाबिलोनी वळणाची खापरे आहेत, नाव नाही. हा संयम सोडला, तर विज्ञानाची दंतकथा व्हायला वेळ लागत नाही.

संयमाचे फळ उशिरा का होईना, मिळते. १८७९ मध्ये कॅप्टन ड्युरंड यांना बहरीनमध्ये कोरीव लेखाचा एक काळा दगड मिळाला. त्यावर इन्झाकचा सेवक रिमूम याच्या राजवाड्याचा उल्लेख होता. पुढे तो दगड लंडनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाहीसा झाला, पण लेखाची नक्कल छापून झाली होती. अलीकडे बहरीनमधीलच आली या गावातील भव्य थडग्यांतल्या भांड्यांच्या तुकड्यांवर ‘रिमूमचा मुलगा याग्ली-एल’ हे शब्द वाचले गेले, आणि शतकाहून अधिक काळ एकाकी राहिलेल्या नावाला घराणे मिळाले. मूळ दगड हाती नसतानाही हे जमले, ते १८८०च्या सुमारास कोणीतरी प्रत्येक खूण काळजीपूर्वक उतरवून ठेवली होती म्हणून. अल खोरचे शंख मोजणे हेही त्याच जातीचे काम आहे. उसिअनानुरीची दुसरी साक्ष उद्या सापडली, तर ती ओळखता येईल ती अशाच नोंदींच्या बळावर.