चाळीस अंशांतलं विलगीकरण

इथर 34.6 अंश सेल्सिअसला उकळतं, डायक्लोरोमिथेन 39.6 अंशांना. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो. थंड देशात लिहिलेल्या प्रयोगपुस्तिकेत जे द्रव बाटलीत निवांत बसलेले असतात, ते इथल्या उन्हाळ्यात नुसत्या खोलीच्या उष्णतेने उकळीला येतात. जर्नलच्या पहिल्या पानावर मुलं सुरक्षिततेचे नियम उतरवून घेतात. ते नियम सगळीकडे सारखेच असतात. आपल्या गावाचं ऊन आणि आपल्या नळाचं पाणी त्यांत कुठेच नसतं.

विजापूर रोडच्या बाजूने वाढत गेलेल्या जुळे सोलापुरातून रोज किती तरी मुलंमुली विज्ञान महाविद्यालयांकडे निघतात. शहरातलं दयानंद महाविद्यालय 1940 सालचं. केगावचं विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 रोजी, या एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालेलं. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या मुलाच्या वाट्याला सर्वांत जास्त येणारं काम म्हणजे विलगीकरण: मिश्रण घ्या, घटक वेगळे करा, ओळखा.

हे काम या जिल्ह्याच्या पोटापाण्याचंही आहे. साखर कारखान्यात रसातून साखर वेगळी होते ती स्फटिकीकरणाने. उरलेली मळी आंबवून ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल मिळतं. साध्या ऊर्ध्वपातनाने ते वजनाने 95.6 टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही, कारण त्या प्रमाणात अल्कोहोल आणि पाणी 78.2 अंशांना एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळायचं निर्जल इथेनॉल हवं, तर राहिलेलं पाणी मॉलिक्युलर सीव्हमध्ये शोषून घ्यावं लागतं. चिंचोली एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांतही ऊर्ध्वपातनाचे उंच स्तंभ उभे आहेत. प्रॅक्टिकलला शिकलेला हात उद्या तिथे कामाला लागतो.

विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने प्रयोग करून शिकायचं, ही पद्धत रूढ केली ती जर्मनीतल्या युस्टुस फॉन लिबिगने. 1824 साली तो गीसेनला प्राध्यापक झाला आणि तिथल्या त्याच्या प्रयोगशाळेचं वळण पुढे जगभरच्या विद्यापीठांनी गिरवलं. ऊर्ध्वपातनाच्या मांडणीतला कंडेन्सर आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. तो शोधला आधी इतरांनी. लिबिगने तो प्रचारात आणला.

चावी का उघडायची

सेपरेटिंग फनेल म्हणजे पेरूच्या आकाराचं काचेचं पात्र, वर बूच, खाली चावी. बेंझॉइक आम्ल आणि नॅप्थलीन यांचं मिश्रण इथरमध्ये विरघळवून त्यात ओतायचं आणि वर सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण घालायचं. आम्लाचं सोडियम बेंझोएट होऊन ते पाण्याच्या थरात उतरतं, नॅप्थलीन इथरमध्येच राहतं. खालचा थर काढून त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं, की बेंझॉइक आम्लाचा पांढराशुभ्र अवक्षेप खाली बसतो. वाळवून तपासला, तर तो 122 अंशांना वितळतो. पहिल्यांदा हे स्वतःच्या हाताने केलेल्या मुलाचा चेहरा पाहावा. रसायनशास्त्राची गोडी अशाच एखाद्या दुपारी लागते.

याच प्रयोगात धोकाही आहे. बायकार्बोनेट आणि आम्ल भेटले, की कार्बन डायऑक्साइड सुटतो. हलवल्याने इथरची वाफही वाढते. दोन्हींचा दाब बंद पात्रात साठतो आणि बूच उडून द्रव डोळ्यांत जाऊ शकतो. म्हणून फनेल दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही. बूच तळहाताने दाबून फनेल उलटं धरायचं, नळी माणसांपासून दूर वळवायची आणि चावी उघडून दाब सोडायचा. सुरुवातीला तर एकदोन हिसक्यांतच. थर काढताना मात्र आधी बूच काढायचं; नाहीतर आत निर्वात होऊन द्रव उतरतच नाही. ज्याला वायू कुठून आला हे कळलं, त्याला नियम पाठ करावा लागत नाही. प्रयोगाचं शास्त्र आणि प्रयोगाची सुरक्षितता ही एकच गोष्ट आहे.

इथरची वाफ हवेच्या अडीच पट जड असते. ती वर उडून जात नाही. टेबलावरून पसरत पलीकडच्या बॅचच्या पेटत्या बर्नरपर्यंत पोचते. म्हणून इथर बाहेर असताना खोलीत एकही ज्योत नको. शिवाय हवा आणि उजेड लागलेल्या जुन्या इथरमध्ये पेरॉक्साइड तयार होतं. ऊर्ध्वपातनात इथर निघून गेलं, की ते तळाशी दाट होतं आणि त्याचा स्फोट होऊ शकतो. बाटली गडद रंगाची हवी, उघडल्याची तारीख तिच्यावर हवी आणि फ्लास्क कधीही कोरडा पडेपर्यंत तापवायचा नाही.

नळाचं पाणी आणि हौद

ऊर्ध्वपातनात पोर्सेलिनचे तुकडे टाकतात ते द्रव शांत उकळावा म्हणून. ते नसले, तर द्रव उत्कलनांकाच्या वर तापत राहतो आणि एकदम उसळतो. विसरलेले तुकडे तापलेल्या द्रवात टाकणं त्याहून घातक. आधी थंड होऊ द्यावं, मगच टाकावेत. कंडेन्सरमध्ये पाणी खालून सोडायचं, म्हणजे नळी पूर्ण भरलेली राहते.

मार्च-एप्रिलमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा येतात, तेव्हा गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच कोमट असतं. पस्तीस अंशांचं पाणी इथरची वाफ थंड करून द्रव करू शकत नाही. ती सरळ खोलीत येते. त्यात या शहराला पाणी येतं काही दिवसांआड. मिनिटाला एक लिटर धरलं, तरी तीन तासांत एका कंडेन्सरमधून 180 लिटर पाणी गटारात जातं. बादलीत बर्फाचं पाणी आणि कूलरचा छोटा पंप लावला, की तेच पाणी फिरत राहतं, गार राहतं आणि वाचतंही. पंपाची जोडणी मात्र ज्वालाग्राही वाफेपासून लांब हवी. जिथे जमेल तिथे इथरऐवजी 77 अंशांना उकळणारं इथाइल अ‍ॅसिटेट वापरावं. तेही पेट घेतं, पण खोलीच्या उष्णतेने उकळत नाही.

डोळ्यांत आम्ल गेलं, तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवावं लागतं. तेव्हा नळ कोरडा निघाला, तर भिंतीवरचा प्रथमोपचाराचा तक्ता काय कामाचा? आपल्या शहरात भरलेली टाकी हे चष्मा, अ‍ॅप्रन आणि अग्निशामकाइतकंच सुरक्षिततेचं साधन आहे. बॅच सुरू करण्याआधी ती रोज तपासली गेली पाहिजे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक प्रयोगाच्या वर जर्नलमध्ये दोन आकडे लिहायला लावावेत, खोलीचं तापमान आणि नळाच्या पाण्याचं. शेजारी वापरलेल्या द्रावकाचा उत्कलनांक. तिन्ही एका ओळीत आले, की धोका मुलाला स्वतःलाच दिसेल. व्हायव्हामध्ये उत्पादन किती टक्के आलं याबरोबर चावी का उघडली, हेही विचारावं आणि त्याला गुण द्यावेत. उत्पादन कमी आलं, तर दोन गुण जातील. पण दाब कशाने वाढतो हे न समजता पास झालेला मुलगा उद्या कारखान्यात हजारो लिटरच्या रिॲक्टरपुढे उभा राहणार आहे, आणि त्याच्या शेजारी आणखी माणसं असणार आहेत.