डिश एक, बँड अनेक

नांदेड असो की लातूर, मॅच ऐन रंगात येते, पाऊस जोर धरतो आणि टीव्हीवर 'नो सिग्नल'. होतं ना असं? घरावरची ही छोटी डिश केयू बँडची. तिची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची, जोराचा पाऊस तिला गिळून टाकतो. केबलवाल्याच्या गच्चीवरची ती मोठी, जाळीची डिश मात्र सी बँडची. लहर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे ती पावसाला फारशी दबत नाही.

मग एकाच डिशवर अनेक बँड घ्यायचे तर? त्यासाठी नारायणगावजवळच्या खोडदला जाऊ. तिथल्या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. बांधल्या अवकाशातल्या रेडिओ लहरींसाठी, पण डिशचं गणित उपग्रहाच्या ग्राउंड स्टेशनचंच.

पहिली गोष्ट जाळीची. भोक लहरीपेक्षा बरंच लहान असलं, की लहरीला जाळी म्हणजे पत्राच! जीएमआरटीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची आणि लहरी साधारण २० सेंटिमीटर ते दोन मीटरच्या. म्हणून जाळी चालते, वजन वाचतं, वाराही आरपार जातो. पण तुमच्या टीव्हीची लहर तिथून गळेल. थोडक्यात, सगळ्यात आखूड लहर ठरवते पृष्ठभाग किती बारीक हवा ते.

दुसरी गोष्ट फीडची. डिश लहरी एका बिंदूवर गोळा करते, तिथे ऐकणारा कान म्हणजे फीड. प्रत्येक बँडच्या फीडचा आकार वेगळा आणि बिंदू एकच! म्हणून तिथे चार बाजूंची फिरती चौकट बसवली. हवा तो बँड फिरवून समोर आणायचा. तोटा हा, की बाकीचे तेवढा वेळ बंद. जुन्या रचनेत त्यावर एक युक्ती होती: २३५ आणि ६१० मेगाहर्ट्झचे फीड एकात एक बसवलेले, दोन्ही एकदम ऐकायला.

याचा उपयोग काय? १९ ऑक्टोबर २०१६. युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा ४०१ मेगाहर्ट्झचा क्षीण सिग्नल खरं तर मंगळाभोवतीच्या यानांसाठी होता. तो जवळपास दहा मिनिटं प्रवास करून खोडदला पोचला आणि पकडलाही गेला. उतरायला मिनिटभर उरलं असताना तो थांबला. यान आदळलं होतं. पण तोवरचा त्याचा आवाज पृथ्वीवर थेट ऐकला गेला, कारण त्या बँडचा कान तिथे होता.

आज गच्चीवर गेलात तर दोन्ही डिश बघा. कुठे पत्रा, कुठे जाळी? आता कारण तुम्हीच सांगाल.