मोटरमनशिवायची लोकल

‘‘अरे, पण मग गाडी चालवतं कोण?’’

फोनवर आईचा हा प्रश्न आला तेव्हा मी लंडनच्या कॅनरी वॉर्फ स्टेशनवर उभा होतो. ऑनसाइटचा तिसरा दिवस. मी ज्या गाडीनं ऑफिसला जातो तिला ड्रायव्हरच नाही, हे मी मोठ्या कौतुकानं सांगत होतो. आईनं फोन सरळ बाबांच्या हातात दिला. आमचे बाबा मध्य रेल्वेत मोटरमन. आता रिटायर झालेत, पण सत्तावीस वर्षं लोकल चालवली. व्हीटीचं सीएसटी झालेलं मोटरमनच्या केबिनमधून बघितलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, ‘‘असं नसतं रे. कुठेतरी बसलेला असणार. तुला दिसला नसेल.’’

तर बॉस, ही गोष्ट त्या गाडीची. डॉकलँड्स लाइट रेल्वे, म्हणजे डीएलआर. बँकांच्या प्रोजेक्टवर लंडनला जाणाऱ्या आपल्याकडच्या आयटी पब्लिकची तिच्याशी गाठ पडतेच, कारण बड्या बँकांचे टॉवर कॅनरी वॉर्फला. जायच्या आधी सगळे ट्यूबचा नकाशा पाठ करतात, थंडीची जॅकेट्स घेतात, मेतकुटाची पाकिटं भरतात. डीएलआरबद्दल मात्र कुणी काही सांगत नाही. आणि पहिल्या आठवड्यात फजिती होते ती इथेच!

कारण नंबर एक, फाटक नाही. ट्यूबच्या स्टेशनवर कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नाही. डीएलआरच्या बहुतेक स्टेशनांवर दारच नाही. जिना चढलात की थेट प्लॅटफॉर्म! बाजूला एका खांबावर कार्ड रीडर गरीब बिचारा उभा असतो. आपल्या लोकललाही फाटक नाही म्हणा, पण आपल्याकडे पास खिशात असतो आणि टीसी दिसला की आपोआप हात खिशाकडे जातो. इथे चढताना टच, उतरताना टच, हे तुमचं तुम्हीच लक्षात ठेवायचं. चढताना विसरलात आणि तपासनीस आला, तर दंड शंभर पौंड. एकवीस दिवसांत भरलात तर पन्नास. माझ्या एका टीममेटनं पहिल्याच सोमवारी हे पन्नास पौंड भरले आणि पुढचे तीन दिवस तो मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करत जेवत होता. उतरताना विसरलात तर दंड नाही, पण त्या प्रवासाचं जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. आणखी एक, सकाळी बँकेचं कार्ड आणि उतरताना मोबाइल असं करू नका. मशिनच्या लेखी ती दोन वेगळी माणसं असतात.

कारण नंबर दोन, फाटे. बँक नावाच्या स्टेशनवरून (हो, स्टेशनचं नावच बँक!) एक गाडी लुइशमला जाते, दुसरी वुलिच आर्सेनलला. कॅनरी वॉर्फला जायचं तर लुइशम पकडायची. दुसरीत बसलात तर घाबरायचं नाही, पॉप्लरला उतरून गाडी बदलायची. पॉप्लर म्हणजे आपलं दादर समजा, फक्त धक्काबुक्की वजा! मी एकदा झोपलो आणि बेक्टनला जाऊन पोचलो. तिथून पुढे रूळच नव्हते, म्हणून जाग आली.

गोदीतली गाडी

ही गाडी इथे आली कशी, त्याची स्टोरी आपल्या गिरण्यांच्या जवळची आहे. आज जिथे काचेचे टॉवर आहेत तिथे एकेकाळी गोदी होती. वेस्ट इंडिया डॉक्स सुरू झाले 1802 मध्ये, तिथे साखर आणि रम उतरायची. पुढे कंटेनरवाली अवाढव्य जहाजं आली, ती इतक्या आत येईनात. सगळं काम समुद्राच्या बाजूला सरकलं आणि 1981 पर्यंत इथल्या गोद्या एकेक करून बंद पडल्या. हजारो कामगार घरी बसले आणि मैलोन् मैल जमीन ओस पडली. तिथे पुन्हा माणसं यायची तर रेल्वे हवी. पण ट्यूब खणायला पैसे कोण देणार? मग स्वस्तातली आयडिया निघाली. जुन्या रेल्वेचे विटांचे पूल उभेच होते, काही तर 1840 च्या काळातले. त्यांच्यावरच छोटी गाडी सोडायची. 77 दशलक्ष पौंडांत काम झालं. 1987 मध्ये गाडी सुरू झाली तेव्हा एकेका डब्याच्या फक्त अकरा गाड्या होत्या आणि पंधरा स्टेशनं. खेळण्यातलीच वाटावी अशी! आज 45 स्टेशनं आणि 38 किलोमीटर. ती वळणं घेते तेव्हा मात्र अजून खेळण्यातलीच वाटते. दोन इमारतींच्या मधून अशी काटकोनात वळते, की समोरच्या ऑफिसातला माणूस कुठली एक्सेल शीट बघतोय तेही दिसावं.

घर शोधताना बहुतेक देसी पब्लिक ईस्ट हॅमकडे धावतं. डोसा, कढीपत्ता, शेजारी तेलुगू बोलणारे, सगळं मिळतं. मी लुइशमला घर घेतलं, त्याचं कारण शुद्ध डोंबिवलीछाप होतं. लुइशम म्हणजे शेवटचं स्टेशन, गाडी तिथूनच सुटते. सकाळी सीट नक्की! त्यातही सगळ्यात पुढची सीट. ड्रायव्हर नसल्यामुळे तिथे केबिन नाही, थेट काच. समोर रूळ, पाणी, टॉवर. मडशूट स्टेशनजवळ तर चक्क शेत आहे, मेंढ्या चरतात आणि मागे बँकांच्या बिल्डिंगा. या सीटसाठी रोज सकाळी टाय लावलेली मोठी माणसं आणि शाळेतली पोरं यांच्यात शांततेत स्पर्धा चालते. पोरं जिंकतात.

बाबा आले...

जूनमध्ये आई-बाबा महिनाभरासाठी आले. लंडन आय, राजवाडा वगैरे झालं. महाराष्ट्र मंडळातही जाऊन आलो. 1932 सालचं हे मंडळ डॉलिस हिलला आहे, कॅनरी वॉर्फहून ज्युबिली लाइनची एकच गाडी. आई खूश होती. बाबा गप्प होते. त्यांना फक्त एकच गोष्ट बघायची होती.

बँक स्टेशनवरून आम्ही बसलो. पुढच्या सीटवर एक सात-आठ वर्षांची मुलगी आधीच होती. बाबा तिच्या मागे काचेकडे तोंड करून उभे राहिले. गाडी बोगद्यातून वर आली, उजेड झाला आणि बाबांचा पहिला प्रश्न आला, ‘‘सिग्नल कुठेत?’’

रुळाच्या कडेला सिग्नल नाहीतच. प्रत्येक गाडी कुठे आहे, हे कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरला कळत असतं आणि पुढची गाडी बघून तो मागचीला सांगतो, इथपर्यंत ये. पुढची जशी सरकेल तशी ही मर्यादा सरकते. आपल्याकडे मोटरमनचा अर्धा जीव सिग्नलमध्ये असतो. लाल सिग्नल चुकून ओलांडला तर नोकरीवर बेतायचं. बाबांना रिटायर झाल्यावरही दचकून जाग यायची. ‘‘लाल दिसतच नव्हता,’’ म्हणायचे.

शॅडवेलला एक तरुण कर्मचारी डब्यात आला. दाराजवळच्या पॅनेलमध्ये किल्ली फिरवून त्यानं दारं लावली आणि गाडी सुटली. बाबांचा चेहरा एकदम उजळला.

‘‘अरे, हा गार्ड आहे की! आमचा गार्ड दोन बेल द्यायचा, हा दारं लावतो. म्हणजे यांनी मोटरमन काढला आणि गार्ड ठेवला!’’

इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. त्याला पूर्वी ट्रेन कॅप्टन म्हणायचे, आता कागदोपत्री पॅसेंजर सर्व्हिस एजंट. गाडी अडली तर पुढच्या सीटसमोरचं झाकण उघडून तो ती हातानंही चालवू शकतो. मी त्याला सांगितलं, की हे माझे वडील, मुंबईत मोटरमन होते. त्यानं बाबांशी हात मिळवला आणि ते झाकण बोटानं दाखवलं. बाबांनी त्यावर नुसता हात ठेवला. मुलगी आमच्याकडे बघत होती. काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं सरकून जागा करून दिली.

लाइमहाउसच्या पुढे गाडी त्या जुन्या पुलावरून जात होती. बाबा बराच वेळ समोर बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘रुळात कुणी नाही.’’

मला आधी कळलंच नाही. गाडी वरून जाते, कुणी येणार कुठून? आणि मग कळलं. लहानपणी काही दिवस असे असायचे, की बाबा घरी आले की आधी आंघोळ करायचे आणि जेवायचे नाहीत. आई आम्हाला खुणेनं सांगायची, बोलू नका. मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात, त्यातली कितीतरी रूळ ओलांडताना. त्यातल्या प्रत्येक वेळी समोरच्या काचेमागे कुणीतरी बसलेला असतो. ब्रेक लावून गाडी लगेच थांबत नाही, हे त्याला माहीत असतं. बाबांनी आकडा कधी सांगितला नाही. त्या दिवशीही नाही. आम्ही विचारलंही नाही.

आईनं पिशवीतून चिवड्याचा डबा काढला. कटी सार्कला उतरायचं होतं. त्या स्टेशनचा प्लॅटफॉर्म गाडीहून आखूड आहे, टोकाची दारं उघडत नाहीत, त्यामुळे पुढची सीट सोडून मधल्या दारांकडे यावं लागतं. बाबा शेवटच्या क्षणापर्यंत उठले नाहीत. मग ग्रिनिचला नदीकाठी चिवडा खाल्ला आणि परत येताना नदीखालच्या 1902 सालच्या पादचारी बोगद्यातून चालत आयलंड गार्डन्सला आलो. आईला तो बोगदा जाम आवडला. बाबा म्हणाले, ‘‘गाडीनंच गेलो असतो.’’

जायच्या आदल्या दिवशी मी ऑफिसला गेलो होतो, आई बॅगा भरत होती. बाबांनी ऑयस्टर कार्ड मागून घेतलं आणि एकटेच निघाले. संध्याकाळी आले ते खुशीत. लुइशम ते बँक, बँक ते लुइशम, अशा तीन फेऱ्या मारल्या म्हणे. दोन वेळा पुढची सीट मिळाली. तिसऱ्या फेरीला पाऊस होता, काचेवर वायपर आहे का तेही नीट बघून आले.

‘‘आणि कार्ड लावलंत ना, चढताना, उतरताना?’’ मी विचारलं.

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मग आईकडे. रेल्वेच्या माणसाला आयुष्यभर पास. तिकीट काढायची सवय कुठून असणार?

‘‘चढताना लावलं,’’ ते म्हणाले. ‘‘उतरताना कुणी विचारलंच नाही.’’