अस्सल भांडे, मागाहूनचे रंग

नाशिकच्या भांडीबाजारातून ये-जा करणाऱ्या वाचकास कथिलाची ओळख कल्हईमुळे असतेच; परंतु या धातूचे शुभ्र भस्म शिशाच्या काचद्रावात मिसळून साध्या तांबूस मातीच्या भांड्यावर चढविले असता ते चिनी भांड्याच्या तोडीचे दिसू लागते, ही युक्ती नवव्या शतकाच्या सुमारास इराकातील कुंभारांनी योजिली, आणि स्पेन-इटलीमार्गे ती हॉलंडातील डेल्फ्ट नगरीत पोहोचून कीर्तीस चढली. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासू यांची 1935 सालची निळी-पांढरी फरशीचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या परंपरेचे दूरचे दर्शन घडलेलेच आहे.

भस्माचे कण काचेत फारसे विरघळत नाहीत. त्यांचा प्रकाशीय वक्रीभवनांक सुमारे 2, तर काचेचा दीडच्या आसपास. या तफावतीमुळे प्रकाश इतस्ततः विखुरतो आणि झिलई अपारदर्शक, दुधासारखी दिसते. जुना शिरस्ता असा, की कच्च्या लेपावरच चित्र काढून भांडे सुमारे 1000 अंश सेल्सिअसच्या आचेत भाजावयाचे. ही आच सोसणारे रंग मोजकेच असत: कोबाल्टचा निळा, मँगॅनीजचा जांभळा, तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा आणि लोहाचे काही तांबूस-नारिंगी. पुढे भडक रंगांची चटक लागलेल्या ग्राहकांसाठी जुन्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर लाल, हिरवा व सोनेरी मुलामा चढवून ती 700 ते 800 अंशांवर पुन्हा भाजण्याचा उद्योग युरोपात चालला.

अशा भांड्यास बनावट म्हणावे, तर माती आणि झिलई अस्सल. अस्सल म्हणावे, तर निम्मी नक्षी परकी. नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापलेल्या खऱ्या मुद्रांकावर कोणी मागाहून दोन कलमे वाढवावीत, तसा हा प्रकार होय, आणि रुजवातही तशाच बारकाईने करावी लागते. पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी 1950-51 साली नाशिकच्या गोदाकाठच्या गढीवर उत्खनन केले, तेव्हा खापराच्या कालनिर्णयास थराचा आधार होता. बाजारातून आलेल्या भांड्यास तो नसतो.

म्हणून भिंगाखाली पाहावे. वापराचे ओरखडे रंगाखालून जात असतील, किंवा टवका उडालेल्या जागी रंग आत ओघळला असेल, तर तो मागाहूनचा. भेगांत मुरलेली घाण फेरभाजणीत जळून काळे ठिपके उमटतात, तीही एक साक्षच. क्ष-किरणांच्या प्रतिदीप्तीने हिरव्यात क्रोमियम आढळले, तर वाद उरत नाही, कारण हे मूलद्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वोकलँ यांनी 1797 साली शोधले.

खरी गंमत मात्र उष्मादीप्तीची आहे. मातीतील स्फटिकांत किरणोत्साराने साठलेली ऊर्जा मोजून शेवटची भाजणी केव्हा झाली, हे ती सांगते. परंतु सुमारे 500 अंशांच्या वर तापताच तो साठा पुसला जातो. परिणामी सतराव्या शतकातील डेल्फ्टची, पण एकोणिसाव्या शतकात फेरभाजलेली थाळी स्वतःचे वय एकोणिसाव्या शतकाचे म्हणून नोंदविते, आणि यंत्रावर भिस्त ठेवणारा परीक्षक अस्सल मालास नकली ठरवून मोकळा होतो!

भट्टीवाचून नुसता फासलेला रंग द्रावकाच्या बोळ्याने बहुधा निघतो. भाजून बसलेला मुलामा मात्र खरवडू गेल्यास खालची झिलई दुखावते. तेव्हा तो तसाच ठेवून संग्रहालयाच्या नोंदवहीत त्या एका भांड्यापुढे दोन सने लिहिणे, हेच मला रास्त वाटते.