एल-थ्रीच्या पदरांत अडकलेले तेल

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली सव्वा-दीड किलोमीटर खोल चुनखडकाचा एक थर आहे. भूवैज्ञानिक त्याला ‘एल-थ्री’ म्हणतात. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रातल्या रिगने इथे खणलेल्या विहिरीला तेल लागले, मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले, आणि मुंबई हाय या तेलक्षेत्राचे बहुतेक तेल आजवर याच थराने दिले.

एल-थ्री एकसंध मात्र नाही. चुनखडकाचे पातळ पदर आणि मधेमधे शेलचे पापुद्रे, अशी त्याची घडण. काही पदरांत पाणी मुरून खडक विरघळला, पोकळ्या पडल्या. तिथून तेल सहज वाहते. शेजारचाच पदर इतका घट्ट, की त्यातले तेल हलत नाही.

हे समुद्रावरून ओळखायचे कसे? जहाजामागून पाण्यात दाबलेल्या हवेचे दणके देतात आणि खडकांच्या सीमांवरून परतणाऱ्या लहरी टिपतात. साठ्याचा उंचवटा, मोठे भ्रंश त्यातून कळतात. पण एवढ्या खोलीवर या लहरींची लांबी दहा मीटरांच्या कित्येक पट असते. दोन-तीन मीटरचा पदर त्यात हरवतो. विहिरीत सोडलेली उपकरणे तो पदर टिपतात, पण विहिरीच्या भिंतीपलीकडे फार लांबचे त्यांना कळत नाही. दोन विहिरींमधले शेकडो मीटर मग गणिताने भरायचे. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींसाठी डॅनी क्रिगे यांनी 1950च्या दशकात मांडलेली पद्धत इथे कामी येते.

अशा भरलेल्या पदरांच्या नकाशाची कसोटी लागते ती पाण्यापाशी. दाब टिकवण्यासाठी थरात समुद्राचे पाणी सोडतात. ते सर्वांत मोकळ्या पदरातून धावत थेट उत्पादक विहिरीत शिरते आणि घट्ट पदरांतले तेल मागे राहते. पाणी पळवणारा पदर नेमका सापडला, तरच तो बुजवता येतो. त्यासाठी लागणारी, खडकात जाऊन घट्ट होणारी पॉलिमर जेल हा पनवेलमधल्या ओएनजीसीच्या तेल व वायू उत्पादन तंत्रज्ञान संस्थेचा विषय. जेल भलत्याच पदरात गेली, तर तेलाचीच वाट बंद होते.

नवा साठा सापडला की बातमी होते. पण जगभरात सरासरी निम्म्याहून जास्त तेल सापडूनही खडकातच राहते. ते काढण्याचे हे चिवट काम मला शोधाइतकेच मोलाचे वाटते. पदर बुजवल्यावर विहिरीतले पाणी किती घटले, याची नोंद साठ्याच्या संगणकावरच्या प्रतिकृतीत घालतात. प्रतिकृतीचे उत्तर आणि प्रत्यक्ष उत्पादन जुळले नाही, तर विहिरींमधल्या पदरांच्या रेषा नव्याने आखाव्या लागतात.