दर्जा तळ्याला मिळाला, नदीचे काय?

वणी तालुक्यातल्या राजूरची ओळख कोळसा आणि चुनाभट्ट्यांची. पण या तालुक्याला वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांची सोबत आहे आणि भोई कुटुंबांचे पोट त्यांच्यावरही चालते. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. निर्णय चांगलाच आहे. पण शेतीदराची वीज, कर्ज, विमा यांचा लाभ मुख्यतः ज्याच्याकडे तळे आहे त्याला. फेकजाळे घेऊन नदीत उतरणाऱ्याकडे दाखवायला सातबारा नाही आणि त्याची बरीच मासळी बाजारात न जाता घरच्या कालवणात जाते. त्याला आधार द्यायचा तर नदीतला मासाच वाढला पाहिजे.

रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून तर १९५७ साली शास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन मत्स्यबीज मिळवले, हे मोठे यश ठरले. नदीत मात्र पुराबरोबर चढणारी गाभोळीची मादी पकडली, की लाखो अंडी गेली. पावसाळ्यात मासेमारी थांबवली तर गरीब उपाशी राहील, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उत्तर सरसकट बंदीचे नाही: विणीच्या जागा तेवढ्या राखाव्यात, बारीक आसाची जाळी थांबवावीत, विणीच्या आठवड्यांची भरपाई द्यावी, नदीत बोटुकली सोडावी. हौशी गळवाल्यांकडून परवाना शुल्क घेऊन ते याच कामी लावावे. मत्स्यव्यवसाय विभागाने सुरुवात वर्धा-पैनगंगेच्या संगमापासून करावी.