दुसरी विक्री : वारली चित्रे आणि ऑनलाइन लिलाव

ऑनलाइन लिलावात चित्र हातात घेऊन पाहता येत नाही. बोली लावणारा पडद्यावरचे छायाचित्र पाहतो, पण पैसे मोकळे करतो ते कागदपत्रे पाहून : चित्र कोणाचे, कोणत्या साली काढलेले, आजवर कोणाकोणाकडे होते, कोणत्या प्रदर्शनात लागले होते. अपेक्षित किमतीचा पल्ला या माहितीवरच बेतला जातो. २००० साली मुंबईत सुरू झालेल्या सॅफ्रनआर्टसारख्या संस्थांनी ही पद्धत भारतात रुळवली आणि पुढे लोककला व आदिवासी कलेचे स्वतंत्र लिलावही भरवले. त्यामुळे डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचे वारली चित्र जगातल्या कोणत्याही संग्राहकाच्या आवाक्यात आले. मात्र मोठी किंमत येते ती दुसऱ्या विक्रीत, चित्र पाड्याबाहेर गेल्यानंतर. त्या किमतीतला वाटा चित्रकाराला मिळायचा असेल, तर पहिल्या विक्रीचा कागद पाड्यावरच तयार झाला पाहिजे.

मुळात हे चित्र विकण्यासाठी नव्हतेच. लग्नघरी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत, मधोमध पालघट देवी येई, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणे आणि लग्न उरकले की चित्राचे कामही संपे. जपून ठेवायची वस्तू नसली की संग्रह नाही आणि संग्रह नसला की लिलावही नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकला मंडळाच्या कामासाठी भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि चित्र कागदावर उतरू लागले. तलासरी तालुक्यातील धामणगावात १९३४ साली जन्मलेले आणि डहाणूतील गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहिलेले जिव्या सोमा म्हसे यांचे नाव तेव्हापासून पुढे आले. १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ साली पॅरिसमधले ‘मॅजिशियाँ द ला तेर’ हे प्रदर्शन, २००९चा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०११ची पद्मश्री अशी त्यांच्या नावामागची नोंद वाढत गेली. लिलावात किंमत येते ती अशाच नोंदीला. ज्याच्या नावामागे ती नाही, त्याचे तितकेच कसदार चित्र ‘अनामिक वारली चित्रकार’ म्हणून स्वस्तात निघते.

कायदा चित्रकाराच्या बाजूने आहे, पण अर्ध्यावर थांबतो. जुन्या वस्तू परदेशी नेण्याला १९७२च्या पुरावस्तू कायद्याने आळा घातला. तो शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना लागू असल्याने कागदावरच्या वारली चित्रांना अडसर नाही. प्रतिलिप्यधिकार कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले. मूळ चित्र पुन्हा दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना किमतीचा वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. पाच हजारांना दिलेले चित्र पुढे दोन लाखांना गेले, तर ही कमाल रक्कम वीस हजार होते. म्हसे यांचे २०१८ साली निधन झाले. चित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षे हा हक्क टिकत असल्याने त्यांच्या वारसांकडे तो २०७८ अखेरपर्यंत आहे. पण वाट्याचा ठाम दर कायद्यात नाही. तो ठरवण्याचे काम ज्या अपील मंडळाकडे होते, ते २०२१ मध्ये बरखास्त होऊन विषय न्यायालयांकडे गेला. वीस हजारांसाठी मुंबईत वकील कोण लावणार? ब्रिटनमध्ये २००६पासून दर कायद्यातच ठरलेला आहे आणि वसुली चित्रकारांच्या संस्था करतात.

चित्रकाराला असा वाटा देण्यावर पहिला आक्षेप असा की वारली ही समूहाची कला आहे आणि एकेकाचे नाव पुढे करणे हा बाजाराचा संस्कार. आक्षेप वजनदार आहे. पण समूहासाठी २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेच आहे. त्यातून चित्र वारली असल्याचे सांगता येते, ते कोणी काढले हे सांगता येत नाही. चौक समूहाचा राहू दे. कागदावरचे विकाऊ चित्र मात्र कोणा एकाच्या मेहनतीचे असते. दुसरा आक्षेप बाजाराचा : जुन्या चित्राला भाव आला की त्याच चित्रकाराच्या नव्या चित्राचाही भाव वाढतो, मग वेगळा वाटा कशाला? हे हयात आणि नावाजलेल्या चित्रकारापुरते खरे आहे. वारसांकडे नवे चित्र नसते आणि अनामिकाच्या भावाला नावच नसल्याने वाढीचा लाभ कोणाला, हेही ठरत नाही.

म्हणून काम दोन टोकांना करावे लागेल. सरकारने दर ठरवून तो लिलावसंस्थेनेच हिशेबात कापून द्यावा, असा नियम करावा. इकडे प्रत्येक विक्रीला चित्रामागे नाव, गाव, साल, आकार आणि सही, पुढून-मागून छायाचित्र व खरेदीदाराच्या सहीची पावती एवढे पाड्यावरच व्हावे आणि त्याची एक प्रत चित्रकारांच्या सहकारी संस्थेकडे राहावी. याला मोबाइल आणि पावतीपुस्तक पुरते. दर नसला तरी नोंद आज सुरू करता येते, कारण नंतर लागणारा दर मागच्या नोंदींवरच वसूल होईल. नोंदच नसेल, तर उत्तम कायदाही वाटा कोणाच्या हाती द्यायचा हे सांगू शकणार नाही.